एक खण रिकामा ठेव

पनवेल
१२ जानेवारी २०१४

प्रिय भावेश,

तुझी बोट सध्या कुठल्या पाण्यात आहे कुणास ठाऊक, पण मेल पोहोचतो म्हणाला होतास, म्हणून लिहितोय. आधीच सांगतो, काम आहे म्हणून आठवण झाली. नुसती खुशाली विचारायला मी काही तुझी आत्या नाही.

झालं असं की, गेल्या आठवड्यात स्टुडिओतला हार्ड डिस्कचा खोका उचलायला गेलो आणि खालचा पुठ्ठा फाटला. लग्नांच्या शूटिंगच्या डिस्क धडाधड टाइल्सवर पडल्या. त्यातल्या तीन गेल्या. लावल्या की नुसतं टकटक करतात. खारघरच्या एका पार्टीचं काम त्यात होतं, पण त्यांना अल्बम आणि डीव्हीडी देऊन झाली होती म्हणून वाचलो. एवढ्या वर्षांचं काम मी बिस्किटांच्या खोक्यांत ठेवलंय हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट डोळ्यांत भरलं. तेव्हा ठरवलं, आता एकच मोठं मशीन घ्यायचं. सगळ्या डिस्क त्यात बसतील आणि एखादी गेली तरी आतलं जाणार नाही असं. घरात ठेवायचं. स्टुडिओत उंदीर झालेत.

इथल्या दुकानदारानं दोन रस्ते दाखवले. एक म्हणजे तयार डबा, चार डिस्कचा. दुसरा म्हणजे कॅबिनेट, मदरबोर्ड, सगळं सुटं घेऊन जुळवायचं. त्यानं दाखवलेल्या कॅबिनेटला काचेची भिंत आणि आत निळे दिवे. मी म्हटलं, हे काय हळदीला लावायचंय? तर म्हणतो, "सर, एअरफ्लो एकदम मस्त आहे."

तू अख्ख्या जहाजाची वीज सांभाळतोस. तुला एका पेटीचं काय? सांग काय घेऊ ते.

आणि एक शंका. चित्र नको, नुसता आवाज साठवायचा म्हटलं तर जागा किती लागते?

कुंदन

समुद्रात
२० जानेवारी २०१४

कुंदन,

इथल्या मेलमधून फोटो येत-जात नाहीत, फक्त मजकूर. तेव्हा दुकानातले फोटो पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. जे बघशील ते लिहून कळव.

तयार डबा घेऊ नकोस. चार खण तुला पुरणार नाहीत. शिवाय डबाच बिघडला तर त्यातल्या डिस्क दुसऱ्या कंपनीच्या डब्यात वाचता येतीलच असं नाही. सुटं जुळव. कॅबिनेट आठ खणांचं, डिस्क पुढून ओढून काढता येईल असं बघ. काच नको, दिवे नकोत. पंखे समोर हवेत, वारा डिस्कवरून गेला पाहिजे. डिस्क आणि खण यांच्यामध्ये रबरी वायसर घाल. एवढ्या डिस्क एकत्र फिरल्या की एकीची थरथर दुसरीला लागते. आमच्या इंजिन रूममध्ये हेच बघण्यात माझा जन्म चाललाय.

एसएमपीएसमध्ये, म्हणजे सगळ्यांना वीज वाटणाऱ्या डब्यात, कंजुषी करू नकोस. डिस्क सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते. सगळ्या एकदम जाग्या झाल्या तर हलक्या एसएमपीएसची मान मोडते. साध्या मदरबोर्डवर सहाच डिस्कची सोय असते. उरलेल्यांसाठी वेगळं कार्ड लागेल. यूपीएस हवाच. पनवेलच्या विजेचं मला नव्याने सांगू नकोस.

नुसत्या आवाजाला जागा नगण्य लागते. पण लग्नाच्या शूटिंगवाल्याला नुसता आवाज कशाला?

गुणामावशी कशी आहे? तिच्या हातची जवळ्याची चटणी यंदा बरोबर घ्यायची राहिली. इथला कुक केरळचा आहे. माणूस चांगला, पण सगळ्यात नारळ घालतो.

भावेश

पनवेल
२ फेब्रुवारी २०१४

भाऊ,

तू म्हणालास तसं बिनदिव्यांचं कॅबिनेट मिळालं. दिसायला अगदी गोदरेजच्या कपाटाचं पिल्लू. दुकानदाराचं तोंड उतरलं होतं. एसएमपीएस चांगल्यातला घेतला, कार्ड मागवलंय. वायसर मात्र कॉम्प्युटरच्या दुकानात मिळेनात, तेव्हा नळाच्या सामानाच्या दुकानातून घेतले. चालतील ना?

आता डिस्क घ्यायच्यात. दुकानदार म्हणतो, एकदम आठ घ्या, एकाच पेटीतल्या देतो, सगळ्या जुळ्या बहिणी. मला पटलं. एकसारख्या असल्या की भांडणार नाहीत.

मशीन उभं राहिलं की आधी २००९ ते २०११ ची लग्नं चढवणार. त्याआधी टेपवर शूट करायचो आणि डीव्हीडी दिली की तीच टेप पुढच्या लग्नाला वापरायचो, त्यामुळे तेव्हाचं मूळ शूटिंग उरलंच नाही. त्यानंतरचं खोक्यांत आहे.

इकडे प्री-वेडिंगचं खूळ आलंय. परवा आपट्याला पाताळगंगेच्या काठी एका जोडीला घेऊन गेलो होतो. नवरा पाण्यात पाय घालायला तयार नाही, नवी पँट. शेवटी त्याच्या जागी मी उभा राहिलो आणि लाइट बघून घेतला. त्या काठावर तुझी आठवण झाली, का ते तुला माहीत आहे.

आई बरी आहे. चटणी आता धाकटी भावना करते.

कुंदन

समुद्रात
१० फेब्रुवारी २०१४

कुंदन,

नळाचे वायसर चालतील.

जुळ्या बहिणी अजिबात घेऊ नकोस. एका पेटीतल्या डिस्क एकाच दिवशी बनलेल्या असतात. एकीत खोट असली तर सगळ्यांत असते, आणि मग त्या एकीमागोमाग एक जातात. तीन-चार दुकानांतून, वेगवेगळ्या तारखांच्या घे. दोन डिस्क एकदम गेल्या तरी आतलं शाबूत राहील अशी मांडणी कर. एवढं करूनही त्याला दुसरी प्रत म्हणू नकोस. घरात आग लागली तर आठही डिस्क एकदम जातील. जे खरंच गमवायचं नाही ते आणखी कुठेतरी वेगळं ठेव.

आता दुसरं. २००९ ते २०११ म्हणालास. माझं लग्न २०१० चं. मोनाली सोडून गेली तेव्हा मी तुला सगळं पुसायला सांगितलं होतं आणि तू हो म्हणाला होतास. आपट्याच्या काठी अल्बम मी तुझ्यासमोर पाण्यात सोडला. तुझ्या नव्या पेटीत ते लग्न चढवायचा विचार असेल तर आत्ताच सांग. तू माझ्याकडून डिस्क, खण, वायसर असं सगळं विचारून घ्यायचं आणि शेवटी मला न विचारता त्यात तेच ठेवायचं, हे मला चालणार नाही. राग आला आहे म्हणून लिहितो आहे, राग गेला की कळवीन.

भावेश

पनवेल
२३ फेब्रुवारी २०१४

भावेश,

तुझं लग्न पुसलं. तू सांगितलंस त्याच दिवशी, व्हिडिओ, फोटो, सगळं. मी शब्द दिला होता. खोक्यात ते नाही, त्यामुळे पेटीत येणार नाही. ते असतं तर मी ही पेटी घेतलीच नसती.

आता खरं सांगतो. आई बरी नाही. दिवाळीनंतर तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं, बोलता येत नाही. तू समुद्रावर होतास. तिथून तू काय करणार, म्हणून कळवलं नाही.

तिचे धवले तुला माहीत आहेत. आमच्यात धवलारीण गायली नाही तर लग्न लागल्यासारखं वाटत नाही. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत ती गाते, देवांना बोलावते, नवरा-नवरीची नावं घेते. पंचवीस गावांत आईला बोलावणं असायचं. भावनाला ते शिकायचं होतं. धाकटी असली तरी आम्हा भावंडांत तिचाच आवाज आईवर गेलाय. पण आईचा नियम तुला ठाऊक आहे. घरात बसून ती एक ओळ म्हणायची नाही. "मांडव नाय तं धवला नाय. देवांना उगाच हाका मारशीत तं ते उठून येतीन आन घरान लगीन नाय म्हंजे काय सांगशीत त्यांना?" म्हणून भावना मांडवातच मागे बसून कान देऊन शिकत होती. अर्धं झालं आणि हे झालं.

मेमध्ये काकाच्या अंकिताचं लग्न आहे. घरातलंच. भावना म्हणते मीच गाणार. नाही जमलं तर काका डीजे सांगून मोकळा होईल, आणि मग पुढच्या लग्नापासून आमच्याकडे कुणी धवला मागणार नाही. मला हे सहन होत नाही. आईसमोर ते बंद पडावं हे तर अजिबातच नाही.

म्हणून आवाजाचं विचारत होतो. गंमत बघ, एवढी लग्नं शूट केली, सगळ्यांत आई समोर बसलेली आहे आणि आवाज कुठेच नाही. डीव्हीडीत आम्ही खालचा आवाज काढून वर सिनेमातली गाणी लावतो. पार्टीला तेच हवं असतं. मूळ शूटिंगमध्ये धवला सुरू झाला की दोन ओळी घ्यायच्या आणि कॅमेरा पाहुण्यांच्या तोंडांकडे फिरवायचा किंवा बंद करायचा, ही आमच्या धंद्याची रीत. आता सगळ्या डिस्क एकत्र करून दोन-दोन ओळींचे तुकडे जोडतोय.

पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच लग्न नोंदवलं गेलं होतं, तुझं. तू सिंगापूरहून आणलेला कॉलर माइक तिच्या पदराला लावलास आणि तुझ्याच रेकॉर्डरवर दोन दिवस चालू ठेवलास. माझ्याकडची त्याची प्रत बाकीच्याबरोबर पुसली. तू अल्बमही ठेवला नाहीस, तेव्हा तुझ्याकडे ते नसणारच. विचारतही नाही.

राग गेला की कळव.

कुंदन

समुद्रात
१९ मार्च २०१४

कुंदन,

मेल मिळाला. उत्तराला उशीर झाला.

डिस्क सातच घे. आठवा खण रिकामा ठेव. त्याची वायर जोडलेली असू दे, खण वापरायला तयार असू दे, पण त्यात काही घालू नकोस. सातांत तुझं काम भागेल. मशीनमध्ये चुका पकडणारी रॅम मिळते, ती घे, जरा शोधावी लागेल. खोलीत दमट हवा असेल तर खिडकीपासून लांब ठेव.

सगळी शूटिंग चढवून झाली की एकदा मुद्दाम एक डिस्क ओढून काढ आणि मशीन तग धरतं का बघ. बोटीवर आम्ही असाच सराव करतो.

राग गेला.

भावेश

पनवेल
३० मार्च २०१४

भावेश,

आईबद्दल एक ओळ लिहिली असतीस तर बरं वाटलं असतं. तुझ्या पत्रात रॅमला जेवढी जागा मिळाली तेवढीही तिला नाही. असो. तू असाच आहेस, आणि मी तरी कुठे वेळेवर कळवलं? पण वाईट वाटलं ते सांगितलं.

पेटी उभी राहिली. सात डिस्क चार दुकानांतून आणल्या. तू म्हणालास तशी एक ओढून बघितली. मशीननं बोंब मारली पण आतलं सगळं जागेवर. परत घातल्यावर रात्रभर स्वतःच दुरुस्त करत बसलं. आठवा खण रिकामा आहे. दुकानदार सेटिंग करायला आला तो हसला, म्हणाला, "सर, हा काय देवाला सोडलाय?" म्हटलं, बोटीवरून हुकूम आहे. कारण काय ते तूच सांग.

पेटी आईच्या खोलीत ठेवली आहे, तीच खोली सगळ्यात कोरडी. पंख्यांची घरघर तिला आवडते असं दिसतं, दुपारी लगेच डोळा लागतो. मात्र जोडलेले तुकडे लावले की ती तोंड भिंतीकडे करते. पहिल्यांदा वाटलं आवाज मोठा झाला असेल. कमी केला तरी तेच. बहुतेक स्वतःचा आवाज ऐकून त्रास होतो. आता हेडफोन लावून ऐकतो.

तुकड्यांचं म्हणशील तर मांडवाचा भाग बराचसा जुळला. हळदीचा मधला भाग कुठेच नाही. प्रत्येक लग्नात मी नेमका तिथेच कॅमेरा फिरवलाय, कारण तेव्हा सगळे एकमेकांना हळद फासत असतात. भावना म्हणते, "तेवढं मी कायतरी गुणगुणीन." पण तिचं तोंड बघवत नाही.

कुंदन

समुद्रात
१२ एप्रिल २०१४

कुंदन,

तू विचारलं नाहीस, तरी उत्तर देतो.

माझ्याकडे आहे.

तुला पुसायला सांगितलं तेव्हा माझं मी पुसलं नव्हतं. अल्बम पाण्यात सोडला कारण तो बघवत नव्हता. आवाजाचं तसं नव्हतं. केबिनमध्ये माझं एक जुनं मशीन आहे, त्यातल्या एका डिस्कवर ते दोन दिवस आहेत. गेली चार वर्षं प्रत्येक बोटीवर ते माझ्याबरोबर आलंय. मी ते ऐकतो. मोनालीसाठी ऐकतो की मावशीसाठी, ते आता मलाच नीट सांगता येत नाही. मावशी त्यात आमची नावं इतक्यांदा आणि इतक्या खात्रीनं घेते की ऐकताना ते लग्न टिकेल असंच वाटतं.

तुझं फेब्रुवारीचं पत्र वाचलं त्याच दिवशी द्यायचं ठरवलं होतं. म्हणून तो खण रिकामा ठेवायला सांगितलं. पण असं लिहून कळवायला धीर होत नव्हता. मावशीबद्दल ओळ लिहिली असती तर हेही लिहावं लागलं असतं. तिच्या आजारपणाचं वाचून मी फार रडलो. आता लिहिलं.

आमचा थर्ड इंजिनिअर दीनानाथ खारघरला राहतो. तो सिंगापूरला उतरतोय, डिस्क त्याच्याकडे देतोय. तुझ्या स्टुडिओचा पत्ता त्याला दिलाय. नीट वाच. डिस्क आठव्या खणात घाल. मशीनला ती नवीन वाटेल आणि ते विचारेल, ही डिस्क बाकीच्यांत सामील करायची का. तू हो म्हटलंस की ती पुसली जाईल. नाही म्हण. घाईत असलास तर त्या दिवशी लावूच नकोस. आधी त्यातलं सगळं सात डिस्कवर उतरव, मग ऐक. दुसरी प्रत नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवतोय, स्वतः एकच ठेवली.

भावेश

पनवेल
१८ मे २०१४

प्रिय भावेश,

लग्न झालं. सगळं क्रमानं सांगतो, मध्येच शेवट विचारू नकोस.

दीनानाथ आला तो डिस्क पायमोज्यांत गुंडाळून घेऊन आला. चहा न घेता गेला. मी खणात घातली, मशीननं विचारलं. मी भावनाला म्हटलं तूच दाब. तिनं "नाही" दाबलं आणि नंतर किती वेळ बोट उचललंच नाही. सगळं उतरवलं. एक प्रत काकाच्या घरी ठेवली, आग लागली तर म्हणून.

मग लावलं. पहिलाच आवाज आईचा, तुझ्या माइकवर खेकसतेय, "हा किडा काड रं माझ्या पदराचा!" मी आणि भावना हसायला लागलो आणि हसता हसता दोघंही रडलो. पुढे धवला सुरू झाला तर आईनं पुन्हा तोंड फिरवलं. मी बंद करायला उठलो. भावना म्हणाली, थांब. बाहेर गेली, शेजारच्या आंब्याचा टहाळा तोडून आणला आणि खोलीच्या दारावर बांधला. आईनं दाराकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि डावा हात उचलून "चालू कर" अशी खूण केली. इतके दिवस तिला त्रास होतो म्हणून मी हेडफोन लावत होतो. त्रास कसला? मांडव नव्हता.

त्यानंतर रोज दुपारी शाळा. भावना पेटीसमोर, आई खाटेवर. चुकलं की आई डाव्या हाताची बांगडी खाटेच्या दांडीवर आपटायची. पहिल्या आठवड्यात एवढी आपटली की एक बांगडी फुटली. हळदीचा मधला भाग सगळ्यात अवघड, तो तर भावनानं झोपेतसुद्धा म्हटला.

हळदीच्या दिवशी आईला खुर्चीवर बसवून मांडवात आणली. डीजे आला होता, काकानं त्याला जेवायला बसवलं. भावना उठली. पहिल्यांदा आवाज बारीक लागला, मग मोकळा झाला. म्हाताऱ्या बायका मागून सूर ओढू लागल्या. मधल्या भागावर आली, अडखळली नाही. सरळ, स्वच्छ, एका दमात म्हणत गेली, आणि नवरा-नवरीची नावं घ्यायची वेळ आली तेव्हा तितक्याच खणखणीतपणे म्हणाली, भावेश आणि मोनाली.

तिला कळलंच नाही. रोज तसंच ऐकून तसंच पाठ केलेलं. दुसऱ्यांदाही तेच म्हणाली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी त्यांच्यातली सखूबाई म्हणाली, "कोण गो ही मोनाली? नवरी बदलली का काय?" भावनानं जीभ चावली. अंकिता हळदीच्या तोंडानं हसायला लागली, तिचा नवरदेव हृतिक तर पोट धरून. आणि आई हसली. अर्ध्याच तोंडानं, पण आवाज काढून. दिवाळीपासून पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला. मग तिनं खुर्चीच्या दांडीवर बांगडी आपटली, म्हणजे पुढे म्हण. भावनानं नावं बदलून घेतली आणि शेवटपर्यंत गेली.

या वेळी मी कॅमेरा फिरवला नाही. सगळं घेतलं, वर गाणी लावणार नाही. पेटीत आहे. त्यात तुमची दोघांची नावं आहेत, दोनदा. तू म्हणालास तर तेवढं काढतो. तुझी डिस्क अजून आठव्या खणात आहे. ती कुणाबरोबर परत पाठवू?

कुंदन

समुद्रात
२६ मे २०१४

कुंदन,

काढू नकोस.

डिस्क परत पाठवू नकोस, तिथंच राहू दे. जुलैत उतरतोय. घरी जायच्या आधी तुमच्याकडे येईन. मावशीला सांग, आणि दारावर टहाळा बांधून ठेव.

भावेश